जिल्ह्याचे ठिकाण

कडेगावच्या एसटी स्टँडवर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "कुठं निघालाय?" म्हणून विचारावे आणि त्याने "जिल्ह्याला" म्हणावे, हे आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे की त्यातली गंमत कोणाच्या ध्यानात येत नाही. तो माणूस उभा असतो जिल्ह्यातच. तरी बोलीभाषेत जिल्हा म्हणजे ते एकच शहर, जिथे कलेक्टर कचेरी आहे, जिल्हा परिषद आहे, मोठे कोर्ट आहे आणि सिव्हिल हॉस्पिटल आहे. आज ते शहर सांगली. १ ऑगस्ट १९४९ च्या आधी ते सातारा होते. कडेगाव जागचे हलले नाही. शिवार तेच राहिले, वरून येणारे ओढेही तेच, पण "जिल्ह्याला" निघालेल्या माणसाची दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे वळली.

जपानमध्ये ४७ प्रांत आहेत आणि प्रत्येकाचे एक मुख्य शहर आहे. बाहेरचे लोक त्याला प्रांताची राजधानी म्हणतात. जपानी माणूस सहसा तसे म्हणत नाही. त्याचा शब्द आहे 'केन्चो शोझाइची', म्हणजे प्रांताची कचेरी जिथे आहे ते ठिकाण. आपल्या 'जिल्ह्याचे ठिकाण' या शब्दाचा हा जवळजवळ जुळा भाऊ. राजधानी निराळी आणि कचेरीचे ठिकाण निराळे, हे दोन्ही भाषांना आपापल्या अनुभवाने समजलेले दिसते. राजधानीला सिंहासन लागते. ठिकाणाला दप्तर, शिपाई आणि बाहेर बसलेला अर्जनवीस पुरतो. साताऱ्याने ही दोन्ही रूपे पाहिली आहेत. नव्या जिल्ह्यांच्या मागण्या अधूनमधून निघतात, कधी कराड जिल्ह्याची, कधी माणदेश जिल्ह्याची. अशा वेळी या शहराचा इतिहास नीट उलगडून पाहणे उपयोगाचे आहे, कारण तो आपल्याही तालुक्याचा इतिहास आहे.

सातारा ही मराठ्यांची चौथी राजधानी. राजगड, रायगड आणि जिंजीनंतरची. अजिंक्यताऱ्याचा डोंगर त्याआधीच जुना झालेला होता. किल्ल्याची बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याची मानली जाते. पुढे बहमनी आणि आदिलशाही अंमल झाला आणि १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला. जिंजीहून परतल्यावर राजाराम महाराजांनी इथे राजधानी आणली तेव्हा औरंगजेब दक्षिणेतच होता. डिसेंबर १६९९ मध्ये त्याने साताऱ्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो साडेचार महिने झुंजवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, त्यातल्या एकाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईसाठी खाली उभी असलेली मोगलांचीच माणसे त्याखाली गाडली गेली. तरी दाणागोटा संपत आला होता, परळीहून येणारी रसद अपुरी पडत होती आणि मधल्या काळात सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले होते. एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला. औरंगजेबाने आपल्या मुलाच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटले. काही वर्षांनी ताराबाईंच्या माणसांनी तो परत घेतला आणि त्याचा अजिंक्यतारा झाला. जो किल्ला नुकताच जिंकला गेला होता त्याला अजिंक्य म्हणायला एक वेगळीच हिंमत लागते, आणि ताराबाईंच्या ठिकाणी तिची वाण नव्हती.

१७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज परतले. खेडच्या लढाईत त्यांनी ताराबाईंच्या फौजेचा पराभव केला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. इथपर्यंत सातारा म्हणजे डोंगरावरचा किल्ला. शाहूंनी पायथ्याशी वस्ती वसवली, तिला शाहूनगर म्हटले, पेठा पडल्या, वाडे उठले, आणि किल्ल्याचे नाव खाली उतरून शहराला चिकटले. आजही सातारकर पत्ता सांगतो तो पेठेने: यादोगोपाळ, मंगळवार, सदाशिव, व्यंकटपुरा, चिमणपुरा. डोंगराच्या कुशीत गाव वसवले की पाण्याची चिंता आधी करावी लागते. यवतेश्वराच्या डोंगरातले झरे, महादऱ्याचे तळे आणि पुढे इंग्रज अमदानीत कासचा तलाव, अशी ही पाण्याची वाट पश्चिमेकडच्या उंचावरून शहरात उतरत आली. फुलांचे पठार पाहायला कासला जाणाऱ्या गर्दीला त्या तलावाने साताऱ्याच्या किती पिढ्यांची तहान भागवली आहे याची कल्पना क्वचितच असते.

शाहूंच्या चाळीस-बेचाळीस वर्षांत मराठी सत्ता माळव्यापर्यंत, गुजरातेपर्यंत आणि बंगालच्या सीमेपर्यंत गेली. या विस्ताराचे हुकूम साताऱ्याहून सुटत. पण ते अमलात आणणारा पेशवा पुण्यात घर बांधत होता. १७३० मध्ये शनिवारवाड्याचे काम सुरू झाले, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू गेले आणि त्यानंतर राज्याची सूत्रे पुण्याला गेली, ती परतली नाहीत. ताराबाईंनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांना किल्ल्यात अडकवून एक शेवटचा प्रयत्न केला, दमाजी गायकवाड त्यांच्या मदतीला साताऱ्यापर्यंत धावून आले, पण पेशवे नानासाहेबांनी तो डाव उधळला. त्यानंतर साताऱ्यात छत्रपती होते, दरबार होता, मानपान होते. सत्ता तेवढी नव्हती. मात्र एक धागा शेवटपर्यंत तुटला नाही. नवा पेशवा कितीही बलवान असो, पेशवाईची वस्त्रे त्याला साताऱ्याहूनच यावी लागत. १७९६ मध्ये दुसऱ्या बाजीरावालाही ती तशीच घ्यावी लागली.

इथे जपानची आठवण येणे अपरिहार्य आहे. आपला सातारा त्या काळात होता, तेच तिकडे क्योतो होते. 'क्योतो' या नावाचा अर्थच राजधानी. ७९४ पासून सम्राट तिथे राहत आले. पण १६०३ नंतर खरा कारभार एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, तोकुगावा घराण्याच्या शोगुनाकडे होता. शोगुनाची नेमणूक कागदोपत्री सम्राट करी, आणि सम्राटाच्या दरबाराने कसे वागावे याचे नियम १६१५ मध्ये शोगुनाने घालून दिले होते. वस्त्रे देणारा एका गावात आणि राज्य करणारा दुसऱ्या, ही रचना आपल्याला जितकी परिचित तितकीच त्यांनाही. तपशिलात फरक पुष्कळ आहेत. छत्रपती हे देवाचे वंशज मानले गेले नाहीत आणि पेशव्यांनी जपान्यांसारखी अडीचशे वर्षांची शांतता कधी अनुभवली नाही. तरी सिंहासन असलेले शहर हळूहळू विधी, मानपान आणि जुन्या कागदांचे शहर कसे होत जाते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

पुढे मात्र वाटा फुटल्या. १८६८ मध्ये जपानात शोगुनाची सत्ता संपली, कारभार सम्राटाच्या नावाने पुन्हा सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी सम्राट एडोला राहायला गेले. आपल्याकडे त्याच्या पन्नास वर्षे आधी असाच एक देखावा झाला, पण मांडणारा परका होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचा किल्ला घेतला आणि एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून छत्रपतींना स्वतंत्र राज्य देण्याचे आश्वासन दिले. अष्टीच्या लढाईत बाजीरावाच्या छावणीतून प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले आणि एप्रिलमध्ये त्यांना गादीवर बसवण्यात आले. पेशव्यांनी दडपलेला राजा आम्ही पुन्हा बसवला, असा डंका पिटायला इंग्रज मोकळे झाले. राजाशेजारी त्यांनी जेम्स ग्रँट डफ नावाचा तिशीही न गाठलेला कॅप्टन बसवला. १८१९ च्या तहाने नीरा आणि वारणा यांच्या दरम्यानचा, सह्याद्रीपासून पूर्वेकडे पसरलेला मुलूख राजाला मिळाला. आपला खानापूरचा भाग त्यातच होता. म्हणजे आपल्या पणजोबांचे पणजोबा एका छोट्या, सावलीतल्या का होईना, पण छत्रपतींच्या राज्यात राहत होते.

ग्रँट डफ १८२२ पर्यंत साताऱ्यात होता. तिथे कागद गोळा करून त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये छापून निघाला. त्यातल्या पूर्वग्रहांशी महाराष्ट्रातले इतिहासकार पुढे शंभर वर्षे भांडले आणि त्या भांडणातून मराठी इतिहाससंशोधन उभे राहिले, हे त्याचे अनपेक्षित फळ. जाताना त्याच्यासोबत वाघनखेही गेली. जुलै २०२४ मध्ये ती लंडनच्या संग्रहालयातून उसनी म्हणून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. अफझलखानाच्या भेटीत वापरलेली ती हीच, याला पुरावा नाही, असे ते लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते. पाहणाऱ्यांची रांग त्याने आखूड झाली नाही.

प्रतापसिंह महाराजांकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याकडे एक रीत पडली आहे. मोठी राज्ये जिंकणारे राजे आठवतात, छोटे राज्य नीट चालवणारे आठवत नाहीत. त्यांनी रस्ते केले, शाळा काढली, छापखाना आणला, शहराच्या पाण्याची सोय वाढवली आणि नवा राजवाडा बांधला. १८२९ मध्ये महाबळेश्वरची जागा इंग्रजांना देऊन बदल्यात दुसरे गाव घेतले. आपल्याला सार्वभौम मानण्याची चूक मात्र त्यांनी केली. म्हणजे तहातला शब्द शब्दशः खरा धरला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षे कंपनीच्या दारात उभे राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीत वारले. त्यांच्या जागी बसवलेले भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने मान्य केला नाही आणि राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर करून राज्य गिळण्याच्या त्या धोरणाचा पहिला घास सातारा होता. झाशी आणि नागपूर नंतरचे. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीला आला आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. स्वतः रंगो बापूजी निसटले ते कायमचे.

अशा रीतीने राजधानी संपली आणि जिल्ह्याचे ठिकाण उरले. प्रश्न असा की सिंहासन गेल्यावर शहर जगते कशावर?

क्योतोचे उत्तर पाहण्यासारखे आहे. सम्राट गेले तशी माणसेही गेली, उद्योग बसले, शहर ओस पडेल अशी भीती निर्माण झाली. त्या शहरातल्या लोकांनी १८६९ मध्ये, सरकारचा शिक्षणाचा कायदा यायच्या आधी, मोहल्ल्यामोहल्ल्यात मिळून ६४ प्राथमिक शाळा उभारल्या. त्यासाठी वर्गणी चुलीमागे गोळा केली. ज्या घरात चूल पेटते ते घर पैसे देणार, मग त्या घरात शाळेत जाणारे पोर असो वा नसो. त्यानंतर शेजारच्या बिवा सरोवराचे पाणी डोंगर पोखरून शहरात आणण्याचे काम काढले. १८९० मध्ये कालवा पूर्ण झाला, वर्षभरात त्याच पाण्यावर वीज तयार होऊ लागली आणि १८९५ मध्ये त्यावर जपानची पहिली विजेची ट्राम क्योतोच्या रस्त्यावर धावली. पाणी आणि शाळा, या दोन गोष्टींनी गेलेल्या राजधानीला सावरले. देवळे आणि बागा पाहायला येणारे पाहुणे हा नंतरचा भाग.

साताऱ्याने सावरायला वेळ घेतला. १८५३ मध्ये नगरपालिका झाली, कचेऱ्या वाढल्या, पेन्शनरांचे गाव म्हणून नाव झाले, हवा चांगली म्हणून निवृत्तांची घरे उठली, कंदी पेढ्याची ख्याती पसरली. ज्या राजवाड्यात दरबार भरत असे तिथे सरकारी शाळा भरू लागली. त्या शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, दाखल्याच्या पुस्तकात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी' असे एका मुलाचे नाव लिहिले गेले. ते पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. हा दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्या मुलाला वर्गाबाहेरच्या वागणुकीचे जे अनुभव आले ते विसरून हा दिवस साजरा करू नये, एवढी काळजी घ्यावी. तरीसुद्धा राजवाड्याच्या दारातून तो मुलगा आत गेला ही घटना साताऱ्याच्या इतिहासात कोणत्याही राज्याभिषेकाच्या तोलाची आहे, असे आमचे मत आहे.

दार खऱ्या अर्थाने उघडले ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. त्यांचे घराणे मूळचे वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचे. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले आणि नांगर घेणाऱ्याच्या घरातले पोर शाळेत जात नाही हे त्यांनी जवळून पाहिले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला हलवले. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी धान्य कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. कर्मवीरांच्या सुरुवातीच्या कामात मुष्टिफंड होता: घरोघरच्या बाईने दळणाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचे. क्योतोत चूल मोजली, आपल्याकडे मूठ. दोन्ही वेळा सरकार मागाहून आले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'सातारला शिकायला' हा शब्दप्रयोग आपल्या खेड्यांतल्या घरात आला. ज्या शहरात आजोबा फक्त कोर्टाच्या तारखेला जात, तिथे नातू ट्रंक घेऊन राहायला गेला.

याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली आणि ती आपल्या दारात घडली. १९४३ ते १९४६ या वर्षांत सातारा जिल्ह्याच्या मोठ्या भागात एक सरकार चालत होते आणि त्याला राजधानी नव्हती. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उसाच्या फडात, डोंगराच्या घळीत, रात्रीच्या वस्तीवर भरत असे. न्यायदान मंडळे होती, तुफान सेना होती, सावकाराला आणि दरोडेखोराला शिक्षा होती. साताऱ्यातली कलेक्टर कचेरी चालू होती, तिचे शिक्के उमटत होते, पण गावचे भांडण मिटवायला माणसे तिकडे जात नव्हती. या चळवळीला आपल्या भागाच्या नकाशाचाही हातभार लागला. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते, शेजारचे गाव इंग्रजी मुलखात, त्यापलीकडचे सांगली किंवा मिरजकरांचे. पाठलागावरच्या पोलिसाला हद्द आडवी येई. कचेरी असली म्हणजे राज्य असतेच असे नाही, हे सिद्ध करायला याहून चांगला दाखला नाही.

मग तो गोधडीसारखा नकाशा एकदाचा शिवला गेला. जपानने हे काम १८७१ मध्ये केले होते. सरदारांच्या जहागिऱ्या एका फटक्यात रद्द झाल्या, त्यांचे तीनशेहून जास्त प्रांत झाले, वर्ष संपायच्या आत ते पाऊणशेपर्यंत आले आणि १८८८ पर्यंत आजची ४७ ही संख्या ठरली. आपल्याकडे ८ मार्च १९४८ रोजी संस्थाने विलीन झाली आणि १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग पडले. तासगाव, खानापूर, वाळवे, शिराळे हा दक्षिण भाग सांगली, मिरज, जत या संस्थानांना आणि औंधच्या आटपाडीला जोडला आणि 'दक्षिण सातारा' असा जिल्हा तयार झाला. त्याचे ठिकाण सांगली. अकरा वर्षे सांगली शहर दुसऱ्याच शहराच्या नावाचा जिल्हा चालवत होते. २१ नोव्हेंबर १९६० रोजी ते नाव बदलून सांगली झाले. कडेगावातल्या जुन्या खरेदीखतांवर 'जिल्हा दक्षिण सातारा' असे लिहिलेले दिसले तर तो कारकुनाचा चुकार हात समजू नये.

सांगलीचा पिंड वेगळा. इथे डोंगर नाही, वेढा नाही, राज्याभिषेक नाही. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णेच्या काठी त्यांनी आपली राजधानी वसवली. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, असे सांगतात. सात ताऱ्यांचा म्हणून सातारा म्हणतात, त्याच जातीची ही व्युत्पत्ती, ऐकायला गोड. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी नाटकाचा जन्म या गावाच्या नावावर लागला. पण सांगलीला मोठे केले हळदीने. हरिपूरच्या जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राही, कीड न लागता. पुढच्या काळातल्या महापुरांनी त्या पेवांची वाताहत केली, तरी हळदीचा सौदा म्हटला की व्यापाऱ्याच्या तोंडी आजही सांगलीच येते. १९१९ चे विलिंग्डन कॉलेज, १९४७ चे अभियांत्रिकी महाविद्यालय, वसंतदादांचे सहकारी जाळे, अशी एकावर एक भर पडत गेली. गादीपेक्षा बाजार मोठा असलेले हे शहर होते, म्हणून गादी गेल्यावर त्याची घडी विस्कटली नाही.

मिरजकर हे वाचून नाराज होतील. किल्ला त्यांच्याकडे, रेल्वे जंक्शन त्यांच्याकडे, मिशन हॉस्पिटल आणि सतारीचे कारागीरही त्यांच्याकडे, आणि कचेरी सांगलीला. जपानच्या नागानो प्रांतात नेमके असेच दुखणे आहे. नागानो हे झेंकोजी या पुरातन देवळाच्या दारात वाढलेले यात्रेचे गाव. मात्सुमोतो हे किल्ल्याखालचे सरदारी शहर, आणि काही वर्षे स्वतःच्या प्रांताचे ठिकाण होते. १८७६ मध्ये तिथली कचेरी जळाली, प्रांत मोडला आणि कारभार नागानोला गेला. मात्सुमोतोने कचेरी परत मागण्याचा प्रयत्न पुढे कित्येक दशके केला. पण त्याच १८७६ मध्ये त्यांनी आपली काइची शाळा बांधून पूर्ण केली होती, खर्चाचा बराचसा भाग गावकऱ्यांच्या खिशातून. त्याच्या थोडे आधी, लिलावात निघालेला किल्ला एका स्थानिक गृहस्थाने लोकांकडून पैसा उभारून वाचवला होता. आज लोक जपानात मात्सुमोतो पाहायला जातात. कचेरी नागानोतच आहे.

सांगलीचे दुसरे दुखणे पाण्याचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा शहरात शिरली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्याचे ठिकाण पाण्याखाली असताना पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत जनावरांच्या छावण्या चालू होत्या. एकाच कलेक्टरने एका हाताने बोटी पाठवायच्या आणि दुसऱ्या हाताने टँकर. जिल्हा आखताना नदीचे उतार, पावसाचे पट्टे आणि माणसांची बाजाराची वाट यांचा विचार किती झाला होता, असा प्रश्न मग पडतो. कडेगावच्या माणसाची रोजची वाट कराडची आणि विट्याची आहे. सांगली त्याला कागदासाठी लागते.

म्हणून नव्या जिल्ह्याची मागणी आली की आम्ही लगेच हुरळून जात नाही आणि तिची टिंगलही करत नाही. लांबच्या गावाला कचेरी जवळ हवी असते, ही गरज खरी आहे. कडेगावने ती अनुभवली आहे. २००१ च्या जनगणनेपर्यंत हे गाव खानापूर तालुक्यात होते, दाखल्यासाठी विट्याला जावे लागे. तालुका झाला, तहसील आली, आणि म्हातारीच्या पेन्शनच्या कागदासाठी मोडणारा दिवस वाचला. त्याचबरोबर हेही पाहावे की तालुक्याचा फलक लागून इतकी वर्षे झाली तरी बारावीनंतर पोरांना कुठे जावे लागते आणि अपघात झाल्यावर गाडी कोणत्या दिशेला पळते. मोहरमचे आमचे उंच ताबूत बांधताना आधी कळस आणि मग पाया अशी उलटी रीत आहे. तिथे ती शोभते, कारण बांबू आणि गाठी कशा धरायच्या हे हिंदू-मुसलमान कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जिल्हे या रीतीने बांधता येत नाहीत. साताऱ्यात राज्याभिषेक झाला १७०८ मध्ये, पण आपल्यासारख्या गावांना ते शहर आपले वाटले वसतिगृहाची पहिली पंगत बसल्यावर. दोहोंत दोनशेहून अधिक वर्षे गेली.

सध्या कडेगावच्या शिवारात जे पाणी खेळते ते टेंभूचे. कृष्णेचे पाणी टेंभू गावाजवळ उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे सोडतात. टेंभू कराड तालुक्यात आहे, आगरकरांचे जन्मगाव. म्हणजे ज्या सातारा जिल्ह्यातून आपण १९४९ मध्ये बाहेर पडलो, त्याच्याच नदीकाठावरून आज आपल्या उसाला पाणी येते. कालव्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नाही. आवर्तन लांबले की पारावर बसून अर्ज लिहिणाऱ्याला मात्र ती ठाऊक असते. तो वरच्या ओळीत गाव आणि तालुका लिहितो, आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात, जिल्हा सांगली.